दुभाषेपण शिकवताना आधी वह्या मिटवा

वक्ता थांबला की मग बोलायचं, हे दुभाष्याचं काम बी.ए.च्या मुलांना शिकवताना पहिले तीन-चार तास पेन हातात देऊच नका. दोन मिनिटांचं मराठी भाषण ऐकवा आणि मराठीतच सांगायला लावा. दुसरी भाषा नंतर. मुलं शब्द आठवत बसतात. त्यांना एवढंच विचारा, 'कोण काय म्हणालं, आणि का?'

मग टिपणं. सलग वाक्यं नकोत. मुद्दे एकाखाली एक, 'पण', 'म्हणून', 'तरी' डाव्या समासात, आणि मुद्दा संपला की आडवी रेघ. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो: 'सगळ्यांना भरपाई मिळेल असं मी म्हटलेलं नाही.' तो ऐकू आला की लिहिलेल्या मुद्द्यावर ठळक काट मारायची. ही सवय लागली नाही, तर अर्थ थेट उलटा होतो.

आकडे मात्र ऐकल्याक्षणी लिहायचे, ते डोक्यात टिकत नाहीत. 'पावणेदोन कोटी' ऐकून घाईत २ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहते. ते १.७५ कोटी, म्हणजे इंग्रजीत १७.५ मिलियन. हे रूपांतर रोज पाच मिनिटं तोंडी करून घ्या, पाढ्यांसारखं.