बेळगावचे आवाज ध्वनिनकाशावर चढवताय? या चुका टाळा

ध्वनिनकाशावरच्या एखाद्या ठिपक्यावर टिचकी मारली की त्या जागेचा आवाज ऐकू येतो. गावातून कान देऊन ऐकत चालणं, म्हणजे साउंडवॉक (इथे त्याचं ध्वनिमुद्रणही), ही कल्पना १९७० च्या दशकात कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. बर्लिनच्या उडो नोल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला रेडिओ अपोरीचा नकाशा जगभरच्या हौशी लोकांच्या मुद्रणांवर वाढला आणि त्यातल्या फाइली इंटरनेट अर्काइव्हवर जपल्या जातात. तिथे खडेबाजार, शहापूर, खानापूर, निपाणी ऐकू यायला हवं असेल, तर ते मुद्रण आपणच करून पाठवायला हवं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पण ऐकणाऱ्याने आपलं गाव कधी पाहिलेलं नसतं. हा आवाज इथलाच, त्या वेळचाच आणि जसा होता तसाच आहे, एवढी खात्री त्याला मिळायला हवी. पुढच्या बहुतेक चुका ही खात्री घालवणाऱ्या आहेत.

फोनने पाऊसच पुसून टाकला

वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत यंत्रमागांची खटखट आणि जुलैतला न थांबणारा पाऊस हे बेळगावचे खास आपले आवाज. नेमके तेच मुद्रणातून गायब होतात. पाऊस पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळीत लागतो, मागाचा आवाज मध्येच विरतो आणि परत उसळतो. माइकला दोष देऊन लोक नवीन माइक घेतात, तरी फरक पडत नाही.

फोनची घडण बोलण्यासाठी आहे. माणसाचा आवाज चढ-उतारांचा असतो, त्यामुळे जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला फोन गोंगाट समजतो आणि दाबतो. पाऊस एकसारखा, माग एकसारखा, गिरणीचा पट्टा एकसारखा. सगळेच त्याच्या कात्रीत सापडतात. दुसरी करामत आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करण्याची. मागाच्या शेडच्या दारावरून गेलात की फोन सगळंच खाली ओढतो. दार मागे पडलं तरी काही सेकंद गल्ली मुकी राहते आणि मग हळूहळू फुगून वर येते. तिथे प्रत्यक्ष उभं राहिलेल्या माणसाला असं कधीच ऐकू येत नाही.

यासाठी मुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ आणि ‘ऑटो गेन’ शोधून दोन्ही बंद करा. अँड्रॉइडमध्ये ७.० आवृत्तीपासून ‘अनप्रोसेस्ड’ म्हणजे प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय आहे. सगळ्या फोनांत ती चालत नाही, पण काही अ‍ॅपमध्ये हा पर्याय दिसतो. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये दर्जा ‘लॉसलेस’ ठेवा आणि ‘एन्हान्स रेकॉर्डिंग’ला हात लावू नका. एवढं करूनही पाऊस बुडालेलाच येत असेल, तर त्या फोनच्या नादी लागू नका. कुणाचा तरी साधा हातात धरायचा रेकॉर्डर एक दिवस मागून घ्या आणि पातळी स्वतः ठरवा. रेकॉर्डरच्या पट्टीवर शून्य ही शेवटची मर्यादा असते, तिथे सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचला पाहिजे.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र हा हिशेब पुरत नाही. ढोल-ताशा आणि भिंतीएवढे स्पीकर समोर आले की आवाजाची टोकं छाटली जातात आणि सगळं फाटल्यासारखं वाजतं. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्वीसारखा होत नाही. पथकाच्या पुढ्यात उभं राहण्यापेक्षा एखादी आडगल्ली धरा. तिथून ढोल येताना, जवळून जाताना आणि लांब जाताना ऐकू येतो, शिवाय घराघरांच्या उंबऱ्यावरची माणसंही ऐकू येतात.

वारा, छत्री आणि चप्पल

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात वारा मोकळ्या रस्त्यावर सरळ अंगावर येतो. माइकवर बसणाऱ्या वाऱ्याचा धडधडाट म्हणजे पडद्याला बसणारे धक्के. त्यांच्याखाली बाकी सगळं गाडलं जातं. स्पंजची टोपी झुळकेपुरती ठीक. खऱ्या वाऱ्याला लांब केसांचं फरचं आवरण लागतं. तसलं कापड शिवणाच्या दुकानात मिळतं, घरी शिवता येतं. वाऱ्याकडे पाठ करून स्वतःचा आडोसा करणं मात्र फुकट आहे आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पावसात छत्री उघडली की मुद्रणात छत्रीच वाजते, गाव वाजत नाही. नायलॉनचा रेनकोट तर प्रत्येक पावलाला कुरकुरतो. छत्रीवर जुना टॉवेल पसरला तर थेंब बोथट होतात. त्याहून उत्तम म्हणजे एखाद्या कौलारू घराच्या ओसरीखाली उभं राहा. पागोळ्या, गटाराचं पाणी, समोरून चिखल उडवत जाणारी रिक्षा, सगळं सुटं सुटं ऐकू येईल.

करकरणारी चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, बांगड्या, खिशातली चिल्लर हे निघण्याआधीच काढून ठेवायचं. मुद्रण चालू असताना फोनवरची बोटं हलवायची नाहीत.

चालतच राहणं

साउंडवॉक म्हणून काही जण सपाटून चालतात. वीस मिनिटांत गणपत गल्लीपासून टिळकवाडीपर्यंत, आणि ऐकू काय येतं? पावलं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गेट पडल्यावर थांबून पाहा. घंटी सुरू होते, एकेक दुचाकी बंद होत जाते, क्षणभर माणसांच्या गप्पा वर येतात, मिरजेकडची किंवा लोंढ्याकडची गाडी जाते आणि गेट उघडायच्या आधीच सगळ्यांची इंजिनं एकदम सुरू होतात. हे चालत्या माणसाच्या हाती लागत नाही. जिथे काही घडतंय तिथे दोन-तीन मिनिटं स्थिर उभं राहायचं, मगच पुढे सरकायचं.

वाटेत ओळखीचं कुणी तरी भेटतंच. “काय ओ, कुठं चाललाय?” असं विचारलं की उत्तर द्या. मुद्रण चालू आहे हेही सांगा. हा आवाजही गावाचाच आहे, तो कापायची गरज नाही. पण कुणी घरची अडचण, आजारपण, पैशाची गोष्ट काढली, तर तेवढा भाग काढून टाका आणि वर्णनात ‘इथे खासगी संभाषण वगळले आहे’ असं लिहा.

ठिपका उत्तर ध्रुवाजवळ

बेळगावचे अक्षांश सुमारे १५.८५ आणि रेखांश सुमारे ७४.५. हे आकडे उलटे भरले गेले तर आपला खडेबाजार नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात जाऊन पडतो. घोटाळा सहज होतो, कारण गुगल मॅप्स अक्षांश आधी देतं, तर जिओजेसनसारख्या नकाशाच्या फाइलींत रेखांश आधी असतो. आकडे भरल्यावर ठिपका डोळ्यांनी पाहा, रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडलाय इथपर्यंत.

साउंडवॉकची अडचण आणखी एक: चाल ही रेघ आणि नकाशाला हवा एक ठिपका. मधोमध कुठे तरी ठिपका टाकला तर ती जागा मुद्रणात नीट येतच नाही. ठिपका सुरुवातीच्या जागी ठेवा आणि वर्णनात वेळेसह वाट लिहा: ‘०:०० खडेबाजार, ४:१० गणपत गल्लीचा कोपरा, ९:३० मारुती गल्ली’. लांब मुद्रण असेल तर त्याचे जागेनुसार तुकडे करून वेगवेगळे ठिपके टाकणं मला अधिक पटतं. अनोळखी ऐकणाऱ्याला तेच सोपं जातं.

बॅटरी काढली की काही रेकॉर्डरचं घड्याळ मागे जातं आणि फाइलवर भलतीच तारीख बसते. म्हणून सुरुवातीला जागा, तारीख, वेळ तोंडाने बोला. पाठवण्याच्या प्रतीतून तेवढं कापता येतं.

अर्धंच वर्णन

‘बेळगाव मार्केट’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. गल्लीचं नाव, तिथी-सण असेल तर तो, हवा, यंत्र, काय काय ऐकू येतं, सगळं लिहा. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून खुणेच्या शब्दांत बेळगाव, नोव्हेंबर २०१४ पासूनचं अधिकृत बेळगावी आणि जुनं इंग्रजी नाव, तिन्ही द्या. ती रोमन लिपीतही द्या.

आणि भाषा. भाजीच्या एकाच गाडीवर मराठीत भाव, कन्नडमध्ये घासाघीस आणि शेजारच्या दुकानातून दखनी ऐकू येते. आपल्याला सोयीची एक भाषा लिहायची आणि बाकीच्या गाळायच्या, हे या सीमाभागात तरी अजिबात करू नये. इथे कोण कसं बोलतं यावर इतकी वर्षं वाद चाललाय की बाजाराचं साधं मुद्रणही साक्ष म्हणून ऐकलं जाईल. कानांनी जे ऐकलं ते सगळं नोंदवा, कापाकापीतही तोच नियम. दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडले असतील तर तसं स्पष्ट लिहा.

पाठवण्याआधी

मुद्रण वेव्हमध्ये (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. स्टिरिओत मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाला ५०० एमबीच्या वर. त्या मानाने जागा मोकळी ठेवा. नकाशाला एमपी-३ हवी असेल तर मूळ वेव्हवरून एकदाच बनवा. मित्राकडून फाइल मागवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. व्हॉइस नोट करून पाठवलेल्या आवाजाचा बारकावा गेलेलाच असतो.

दुकानातल्या स्पीकरवरचं सिनेमाचं गाणं पूर्ण आलं असेल, तर तेवढा भाग टाळा. ते दुसऱ्याच्या हक्काचं आहे आणि आपण ते क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे इतरांना फाइल वापरायची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली देऊ शकत नाही. हा परवाना एकदा दिला की ज्यांनी फाइल घेतली त्यांच्याकडून परत मागता येत नाही, त्यामुळे ज्यांचा आवाज स्पष्ट ओळखू येतो त्यांना आधी विचारा. मागाच्या शेडमध्ये मालकाला आणि कामगारालाही, देवळात पुजाऱ्यांना, मशिदीत तिथल्या जाणत्यांना. कॅम्प आणि किल्ल्याच्या परिसरात लष्कराची ठिकाणं आहेत. तिथल्या दारांपाशी, कुंपणापाशी रेकॉर्डर काढूच नका. कुणी हटकलं तर थांबा, काय करतोय ते ऐकवा आणि ‘नको’ म्हणाले तर समोरच पुसून टाका.

फाइल चढली की दुसऱ्याच एखाद्या फोनवर, हेडफोन लावून, ठिपक्यापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकदा ऐका. काही चुकलं असेल तर वर्णन लगेच सुधारा, आणि मूळ वेव्ह गल्ली व तारखेच्या नावाने दोन जागी जपून ठेवा.