सेकंड हँड स्टेशन वॅगन घ्यायचीये, सारख्याच गाड्यांतली कुठली घ्यायची?

स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी, फोक्सवॅगन गोल्फ व्हेरिअंट, टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स, प्यूजो ३०८ एसडब्ल्यू, फोर्ड फोकसची वॅगन, सगळ्या मागे लांब डिकीवाल्या गाड्या... वय तेवढंच, रनिंग तेवढंच, किंमतही जवळपास तीच, मग लोक शेवटी बॅज नाहीतर रंग बघून ठरवून टाकतात. माझं म्हणणं असं की मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी डिकी आणि मागची सीट, मग इंजिन-गिअरबॉक्सची जोडी, आणि मग समोर उभी असलेली ती एक गाडी. इतक्या सारख्या मॉडेलांमध्ये खरा फरक तिथेच पडतो.

डिकीपासून सुरू करू, कारण वॅगन घ्यायची ती त्यासाठीच. तिसऱ्या जनरेशनच्या ऑक्टेव्हिया कॉम्बीची डिकी ६१० लिटर आणि सातव्या गोल्फ व्हेरिअंटची ६०५, आता या पाच लिटरवर भांडणारे लोक पण आहेत. हे लिटर बहुतेक कंपन्या २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे भरून मोजतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर, त्यामुळे जिथे तुमची सूटकेस कधीच जाणार नाही असले कोपरे आणि फ्लोअरखालचा कप्पा पण त्यात धरला जाऊ शकतो. शिवाय एक आकडा डिकीवरच्या कव्हरपर्यंतचा आणि दुसरा छतापर्यंतचा असेल तर तुलनाच चुकली. आणि एकाच मॉडेलमध्ये पण फरक असतो बरं का, कोरोलाच्या २.० हायब्रिडची डिकी १.८ पेक्षा थोडी लहान आहे.

त्यापेक्षा मेजरिंग टेप न्या. दोन्ही चाकांच्या कमानींमधली रुंदी मोजा, सीट पाडल्यावर फ्लोअर सपाट होतो की मध्ये पायरी राहते ते बघा, मागची काच किती तिरकी आहे ते बघा (दिसायला स्पोर्टी वॅगनमध्ये उंच खोकं इथेच अडतं), आणि सामान किती उंच उचलून आत टाकावं लागतं ते पण. बाबागाडी असेल तर ती सोबत न्या, आत ठेवा आणि वरचं कव्हर ओढून बघा. कुत्रा असेल तर त्यालाही न्या, तो उडी मारून चढतो की नाही हे कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

मागच्या सीटवर तीन चाइल्ड सीट शेजारीशेजारी बसवायच्या असतील तर या साइजच्या बहुतेक गाड्या बाद होतात, आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे गाडीतले हुक) साधारण कडेच्या दोन सीटनाच असतं आणि मधली जागा अरुंद. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट लावली की तिच्या पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते, त्यामुळे ती लावून घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पुढे बसवा आणि गुडघे डॅशबोर्डला टेकतात का ते बघा.

आता इंजिन-गिअरबॉक्स, इथे घाई करू नका. पत्रा तोच आणि आतलं यंत्र वेगळं असं सर्रास असतं. फोर्डचं जुनं १.० इकोबूस्ट आणि प्यूजोचं १.२ प्युअरटेक ही पेट्रोल इंजिनं, दोन्हीत टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. ऑइल चुकीचं घातलं किंवा उशिरा बदललं तर बेल्टचं रबर सुटतं, त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो आणि ऑइल प्रेशर पडतं. नंतरच्या इंजिनांत चेन आली. म्हणून असा ऑइलमधला बेल्ट असलेल्या गाडीला कुठल्या ग्रेडचं ऑइल कधी घातलं याचं बिल नसेल तर मी सरळ पुढची गाडी बघेन. पण चेन म्हणजे डोकेदुखी संपली असंही नाही, फोक्सवॅगन ग्रुपच्या जुन्या १.४ टीएसआय पेट्रोल इंजिनाची चेनच सैल व्हायची आणि नंतरच्या १.४ मध्ये त्यांनी बेल्ट दिला.

डीएसजी (फोक्सवॅगन ग्रुपची दोन क्लचवाली ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर कुठली ते विचारा. सहा गिअरची ओल्या (ऑइलमध्ये फिरणाऱ्या) क्लचवाली असेल तर तिचं ऑइल साधारण दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, ते बदलल्याचा कागद मागा. लहान इंजिनांबरोबर येणाऱ्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवालीत गाडी गरम झाल्यावर हळूहळू सरकवून बघा, चढावर रिव्हर्समध्ये पण, थरथरत असेल तर सोडा. कोरोला हायब्रिडमध्ये असा क्लचच नाही, पण बॅटरी थंड ठेवायला हवा खेचणारी जाळी मागच्या सीटजवळ असते आणि तिथे धूळ, कुत्र्याचे केस भरतात, ती साफ केलीये का बघा. डिझेल फक्त लांबच्या पल्ल्याला. रोज शाळा-भाजी एवढंच फिरणं असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो आणि डिझेलचा वाचलेला पैसा तिथेच जातो.

सुबारू आउटबॅक यादीत असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत, ऑल व्हील ड्राइव्हला वेगवेगळ्या घेराचे टायर चालत नाहीत.

मग ती एक गाडी. पुढून सगळेच बघतात, वॅगनची खरी कहाणी मागे असते. डिकीचं दार उघडून बिजागरीजवळची रबरी नळी वाकवून बघा, आतल्या वायरी तिथेच तुटतात, मग मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, लॉक असं एकेक बंद पडायला लागतं. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, ओल किंवा गंज लागला तर पाणी कुठून तरी येतंय, पॅनोरामिक छत असेल तर त्याच्या पाणी जायच्या नळ्या तुंबल्यात का तेही बघा. टो बार (मागे ट्रेलर जोडायचा हुक) असेल तर काय ओढत होते ते विचारा, जड कॅराव्हॅन ओढलेल्या गाडीचा क्लच आणि मागचं सस्पेन्शन जास्त झिजलेलं असतं. मोठ्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू वॅगनमध्ये मागे एअर सस्पेन्शन असू शकतं, रात्रभर उभी राहून सकाळी मागून बसलेली दिसली तर खर्च मोठा.

बाकीचं नेहमीचंच. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांगा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) लावा, एरर एकही नाही पण रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या) अपुरे दाखवतोय म्हणजे कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढलीये. चेसिस नंबर टाकून रिकॉलची (दोष निघाल्यामुळे कंपनीने परत बोलावून करून द्यायची) कामं बाकी आहेत का तेही बघून घ्या.

एवढं करून दोन गाड्या बरोबरीत राहिल्या तर ज्याच्याकडे बिलांची फाइल जाड आहे त्याची घ्या, रनिंग थोडं जास्त असलं तरी. आणि बेल्ट, टायर, गिअरबॉक्स ऑइल यातलं जे लगेच करावं लागणार आहे त्याचा खर्च गॅरेजमधून लिहून आणा आणि किंमत ठरवताना तोच कागद मालकासमोर ठेवा.