कोंबडी कापण्याच्या आदल्या रात्रीची तयारी

घरची गावठी कोंबडी कापायची असली की सकाळी अंगणभर तिचा पाठलाग होतो. त्यात पक्षी घाबरतो, पंख फडफडवून मांसाला मार बसतो आणि पोट भरलेले असल्याने साफ करताना घाण मांसाला लागते. हे सारे आदल्या रात्री टाळता येते.

१. अंधार पडून कोंबड्या खुराड्यात स्थिरावल्यावर, मंद उजेडात, हवी ती कोंबडी दोन्ही हातांनी पंखांसकट धरून अलगद उचलावी. अंधारात ती फारसा विरोध करत नाही. एका पायाला धरून ओढू नये.

२. तिला हवेशीर डालग्याखाली, इतर कोंबड्यांपासून दूर ठेवावे. कापण्यापूर्वी साधारण ८ ते १२ तास दाणे देऊ नयेत, पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे. याहून जास्त उपाशी ठेवण्यात काहीच लाभ नाही, उलट तो निव्वळ छळ होतो.

३. सुरीला रात्रीच धार लावून ठेवावी, कारण बोथट सुरीइतके क्रूर दुसरे काही नाही. सकाळी इतर कोंबड्यांच्या नजरेआड, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच झटक्यात कापाव्यात आणि हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय पिसे काढण्यासाठी गरम पाण्यात बुडवू नये. पाणी उकळते नको. ६० ते ६५ अंश पुरते, अन्यथा कातडी फाटते.

सावधगिरी एवढीच, की मलूल, आजारी किंवा नुकतेच औषध दिलेली कोंबडी खाण्यासाठी कापू नये. औषधानंतर किती दिवस थांबायचे ते पशुवैद्यकांना विचारावे.