खलनायकाचा शेवट लिहू नका, त्याची चाल लिहा

एम.ए. इंग्रजीला एकोणिसाव्या शतकातली कादंबरी आली की गर्व आणि लोभाने खलनायक कसा बुडतो, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कादंबऱ्या तुम्ही वाचल्या आहेत असं धरून चालते. सारांशाच्या व्हिडिओंवर निभावणार असाल, तर पुढचं तुमच्या काही कामाचं नाही.

खड्डा एकच आहे, आणि मीही त्यातच पडले होते. आपण लिहितो, ‘तो लोभी होता, शेवटी तुरुंगात गेला.’ मधलं गायब! तुरुंग ही लेखकाने दिलेली शिक्षा झाली. परीक्षकाला हवं असतं ते पान, जिथे लोभच त्या माणसाच्या हातून त्याचा घात करवतो. ते पान सापडेपर्यंत पेन उचलू नका.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला (1849-50) युरिया हीप घ्या, वकिलाच्या कचेरीतला लबाड भागीदार. त्याच्या खोट्या नम्रतेवर सगळेच पानं भरतात. पण त्याला बुडवतो कोण? त्याचाच कारकून, मिकॉबर. हीपने कर्जबाजारी माणूस हेरून नेमला, तोही आठवड्याला साडेबावीस शिलिंगांवर. एवढ्यात भागणार नाही, मग उचल द्यायची, कागद लिहून घ्यायचे आणि मुठीत ठेवायचं. हा लोभ. आणि असला कफल्लक आपलं काय वाकडं करणार, हा गर्व. म्हणून लबाडीच्या कामातही त्यालाच हाताशी धरलं. त्याच मिकॉबरने पुरावे जमवले आणि 52व्या प्रकरणात सगळ्यांसमोर लांबलचक पत्र वाचून दाखवलं. हीप ते हिसकावायला झेपावतो, तेव्हा मिकॉबरच्या हातातल्या आखणीच्या रुळाचा फटका त्याच्या बोटांवर बसतो. पडझड इथे आहे. तुरुंग पुढचा, आणि तोही वेगळ्याच गुन्ह्यासाठी: बँक ऑफ इंग्लंडच्या फसवणुकीबद्दल. आता सांगा, तुरुंगावर उत्तर संपवून काय सिद्ध झालं?

घाबरू नका, एकदा नजर बसली की हे पटापट दिसायला लागतं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या (1813) लेडी कॅथरीन, म्हणजे डार्सीची मावशी, तोऱ्यात नायिका एलिझाबेथच्या घरी येतात, डार्सीशी लग्न करणार नाही असं वचन मागतात. ती देत नाही. बाई तणतणत जाऊन हे डार्सीलाच सांगतात, आणि आधी एलिझाबेथचा नकार पचवलेल्या त्याच्या मनात पुन्हा आशा जागते. लग्न मोडायला निघालेल्या बाईंनीच ते जुळवलं. एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. तयार नोट्स उतरवून देणाऱ्यांपेक्षा ‘कुठल्या प्रकरणात?’ म्हणून छळणारे सर बरे. तेव्हा राग येतो, येऊ द्या.

हीथक्लिफला मात्र या साच्यात कोंबू नका. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (1847) त्याचा डाव फसतच नाही. लहानपणी त्याला छळणाऱ्या हिंडलीच्या जुगारापायी गहाण पडलेलं एक घर त्याला मिळतं, मुलाच्या लग्नातून दुसरं. सूड पुरा करायची वेळ येते तेव्हा, 33व्या प्रकरणात, हात उचलायचेही कष्ट नकोत म्हणतो. त्याला कोणी हरवलेलं नाही. त्याची इच्छाच मेली आहे. त्याला ‘लोभाचा बळी’ म्हणून दोन ओळींत गुंडाळलंत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत.