माणसांसाठी ‘मच’ नको, ‘मेनी’ हवं

मराठीत ‘खूप पाणी’ आणि ‘खूप माणसं’, दोन्हीकडे ‘खूप’ चालतं. इंग्रजीत मात्र आधी बघायचं: ही गोष्ट एक, दोन, तीन अशी मोजता येते का? माणसं मोजता येतात, म्हणून ‘मेनी पीपल’. ‘मच’ पाण्याला, वेळेला. त्याच न्यायाने ‘अमाउंट ऑफ पीपल’ऐवजी ‘नंबर ऑफ पीपल’ लिहा, आणि माणसं कमी असतील तर ‘लेस’ऐवजी ‘फ्युअर पीपल’. बोलताना इंग्रज मंडळीही सर्रास ‘लेस पीपल’ म्हणतात. पण अर्जात, परीक्षेत ‘फ्युअर’च बरं. ‘मच’ हवं की ‘मेनी’ ते सुचलं नाही, तर ‘अ लॉट ऑफ’ खुशाल वापरा, ते दोन्हीकडे बसतं.

खरी गंमत एका छोट्याशा ‘अ’मध्ये आहे. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे चार माणसं तरी आली. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे जेमतेम कोणी आलं, आणि त्यात नाराजी डोकावते. आभाराच्या पत्रात हा ‘अ’ गळला, तर आलेल्या पाहुण्यांना उगाच टोचेल.

क्रियापदही सांभाळा: ‘अ नंबर ऑफ पीपल आर वेटिंग’, पण ‘द नंबर ऑफ पीपल इज राइजिंग’. दुसऱ्या वाक्यात वाढतो तो आकडा, आणि आकडा एकच असतो.

‘खूप गर्दी होती’चं ‘मच क्राउड’ करू नका. ‘इट वॉज व्हेरी क्राउडेड’ म्हणा.