दुसऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'माझं' कुठेच नाही. 'आमची रोजची भाकर', 'आमचे अपराध', सगळं आमचंच. स्वतःसाठी मागू नये असा याचा अर्थ नव्हे. त्या भाकरीत आपलाही वाटा आला. पण रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) किंवा घरची उपासना झाल्यावर आपण जे मनाचं मागतो, त्यात मुलाची नोकरी, आपले गुडघे आणि आंब्याचा दर यांपलीकडे फारसं काही नसतं. ही सवय मोडायची तर असं करून बघा.

आधी एक साधी वही घ्या आणि वारांप्रमाणे नावं वाटून टाका. एका दिवसाला दोन-तीन पुरेत. शंभर नावं भराभर वाचली की ती हजेरी होते. एक वार समुद्रावरच्यांचा ठेवा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली की होड्या बाहेर पडतात, तेव्हा दर्या अजून शांत झालेला नसतो. नाखवासाठी सगळेच मागतात. बोटीवरच्या नेपाळी खलाशाचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. विचारून घ्या आणि लिहा.

मग त्या माणसालाच विचारा, 'तुझ्यासाठी काय मागू?' आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. खलाशाच्या बायकोला जाळं भरून मासळी हवी असेल असं आपण धरून चालतो. तिला मात्र हंगामाआधी घेतलेली उचल फिटायला हवी असते, नाहीतर नवऱ्याची दारू सुटायला हवी असते. तिने जे सांगितलं तेच मागा, तिच्याच शब्दांत. आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. 'प्रार्थनेची विनंती' म्हणून गावभर झालेल्या चहाड्या काही कमी नाहीत.

आता अवघड भाग. कोकणात जमीन सामायिक, सातबाऱ्यावर नावांची ही रांग, त्यामुळे भाऊबंदकी घरोघरी. 'देवा, माझ्या चुलतभावाला सुबुद्धी दे' ही प्रार्थना वरून त्याच्यासाठी, आतून आपल्यासाठी. सुबुद्धी म्हणजे काय, तर त्याने मुकाट सही करावी! म्हणून वहीतल्या प्रत्येक ओळीला विचारा: हे मिळालं तर फायदा कोणाचा? आपला निघाला तर ओळ बदला. त्याच्या कलमांना चांगला मोहोर येऊ दे, त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळू दे. बांधाचा विषयच काढू नका. जीभ जड होईल, होऊ द्या. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. आधी ते आवडू लागेपर्यंत थांबा, असं म्हणत नाही. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबानेही शेवटी मित्रांसाठी प्रार्थना केली ती कोणत्या मित्रांसाठी? ऐन दुःखात त्यालाच दोषी ठरवणाऱ्या.

शब्दांची फार काळजी नको. नाव घ्या, गरज सांगा, थोडा वेळ गप्प बसा. धीट मात्र व्हा. सदोम शहराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवाशी 'तिथे ५० नीतिमान सापडले तर?' इथपासून घासाघीस करत १० वर आला, आणि देव रागावला नाही.

उठल्यावर हातून होण्यासारखं काही असेल तर ते करा. उपाशी माणसाला 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणून नुसतं वाटेला लावण्याचा काय उपयोग, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात विचारतो. शेजारच्या म्हातारीला ओरोसच्या रुग्णालयात तपासणीला जायचं असेल आणि आपली रिक्षा दारात उभी असेल, तर त्या दिवशी प्रार्थना छोटी झाली तरी चालेल.

महिन्याभराने वही काढून पुन्हा विचारपूस करा. काम झालं असेल तर पुढे तारीख घालून आभार माना. उचल फिटली असेल आणि आता पोराच्या फीची चिंता असेल, तर जुनी ओळ खोडून नवी लिहा.