वीस वर्षांनी पुन्हा पेपर लिहायचाय? आधी हाताला सवय लावा

मी अंगणवाडी सेविका. दहावीनंतर लग्न झालं. बी.ए. केलं ते थोरला कॉलेजात जायला लागल्यावर, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. आता वस्तीतली कुणी म्हणाली, "ताई, मलाही शिकायचंय," की मी आधी तिचं आधार कार्ड बघायला मागते.

कारण नाव. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं. दूरशिक्षणाला आता एबीसी (आपल्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) आणि डेब (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची नोंदणी) असे दोन आयडी लागतात. त्यात नाव जुळलं नाही की फॉर्म अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. नसेल तर आजपासूनच त्याच्या मागे लागा, शेवटच्या तारखेला काही होत नाही.

बारावी नाही म्हणून मागे फिरू नका. मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम त्यासाठीच आहे. मात्र पुढे सरकारी भरती मनात असेल, तर जाहिरातीतली बारावीची अट नीट वाचा. जमत असेल तर सतरा नंबरचा, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून बारावीच द्या, असं मी सांगेन.

अभ्यासकेंद्र जवळचं घ्या आणि तिथली संपर्कसत्रं, म्हणजे शिकवणीचे तास, चुकवू नका.

खरा त्रास होतो हाताचा. वाचलेलं समजतं, लक्षातही राहतं. पण इतक्या वर्षांत किराणाच्या यादीपलीकडे आपण लिहिलेलं काय असतं? आमचं रजिस्टरचं कामसुद्धा पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमुळे मोबाइलवर गेलं. पेपरात तासाभरातच अंगठ्याखाली कळ यायला लागते, अक्षर पसरतं, आणि येत असलेली उत्तरं राहून जातात. बायका नापास होतात त्या बऱ्याचदा इथे, आणि घरी सांगतात, "माझ्या डोक्यात आता काही राहत नाही." मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घ्या. पुस्तक मिटा, घड्याळ लावा, वीस मिनिटांत जमेल तेवढं लिहा. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं चालतात. हळूहळू दोन प्रश्न, मग तीन. शेवटच्या पंधरवड्यात दोन-तीनदा तरी अख्खा पेपर एका बैठकीत सोडवा, आणि ज्या पेनने सराव केला तेच परीक्षेला न्या.

वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या, आणि पेपरच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार तेही घरात ठरवून टाका. आदल्या रात्री विषय काढलात तर वाचायची वेळ त्या वादातच जाते.